दोन प्रतिमा जुळतात, तरी चित्र धूसर का?

आमच्या बडोद्यात न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार झालेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री हा कॅमेरा ज्यांनी हाताळला असेल, त्यांना फोकसची चिंता कधी करावीच लागली नाही. त्याचे भिंग जागचे हलत नसे. चांगल्या उन्हात उभे राहावे, कळ दाबावी, की काम झाले! परंतु त्याच काळात काही घरांतून दुसऱ्या जातीचे कॅमेरेही नांदत होते. कातडी पेटीत जपून ठेवलेला एखादा झॉर्की, एखादा यॅशिका, क्वचित कोणा भाग्यवंताकडे लायका. हल्ली नातवंडे हे कॅमेरे कपाटांतून बाहेर काढू लागली आहेत, आणि पहिला रोल धुऊन आला की एकच तक्रार कानी येते : ‘दोन्ही प्रतिमा अगदी बरोबर जुळवल्या होत्या, तरी चित्र धूसर!’ मग घरातील वडीलधारी मंडळी कॅमेरा बाद झाल्याचा निकाल देऊन मोकळी होतात. हा निकाल बहुधा घाईचा असतो, असे आमचे मत आहे.

या कॅमेऱ्यांना रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापक कॅमेरे म्हणतात. दर्शकातून पाहिले असता मध्यभागी एक लहानसा उजळ ठिपका दिसतो व त्यात समोरच्या वस्तूची दुसरी प्रतिमा असते. भिंगाची कडी फिरविताना ही प्रतिमा सरकते. दोन्ही प्रतिमा एकरूप झाल्या की फोकस साधला असे समजावयाचे. १९२५ साली विक्रीस आलेल्या पहिल्या लायकात ही सोय नव्हती. १९३२ च्या लायका टू मध्ये अंतरमापक भिंगाशी जोडला गेला, आणि १९५४ च्या एम थ्री मध्ये त्या कंपनीने दर्शक व अंतरमापक एकाच खिडकीत आणले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशा कॅमेऱ्यात छायाचित्रकार भिंगातून पाहतच नसतो. भिंग पुढेमागे होते, त्याची मागची कड आतील एका तरफेला ढकलते, तरफ आरसा किंवा लोलक किंचित वळविते, आणि प्रतिमा सरकते. फिल्मवर काय उमटते आहे हे डोळ्याला कळतच नाही. कळते ते केवळ तरफेचे म्हणणे. तेव्हा भिंग आणि तरफ हे दोन वेगळे साक्षीदार आहेत, आणि त्यांच्या जबान्या जुळत नसतील तर खोटे कोण बोलतो हे आधी शोधावयास हवे. पुष्कळ दुरुस्त्या फसतात त्या हे न शोधता पेचकस हाती घेतल्यामुळे.

चूक किती सूक्ष्म असते ते आकड्यांनी पाहू. ५० मि.मी.चे भिंग एफ २ वर उघडे ठेवून १ मीटरवरील चेहरा टिपला, तर पुढचे-मागचे मिळून जेमतेम पाच सें.मी. अंतर स्पष्ट येते. हेच भिंग एफ ८ वर ठेवले तर सुमारे १९ सें.मी. आता ते भिंग आपल्या जागेपासून केवळ ०.१ मि.मी. फिल्मच्या जवळ बसले आहे असे समजा. १ मीटरवर साधलेला फोकस तेवढ्याने साडेतीन सें.मी.च्या आसपास मागे सरकतो! डोळे धूसर आणि कानशिलावरचे केस स्पष्ट, असे चित्र येते ते यामुळे. भर उन्हात एफ ८ वर मात्र हाच दोष झाकला जातो. बाहेरची चित्रे उत्तम आणि घरातली तेवढी बिघडलेली, असे असेल तर हात थरथरल्याचा दोष छायाचित्रकाराला देण्यापूर्वी हा हिशेब करून पाहावा.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात नेमके हेच झाले होते. आजोबांचा झॉर्की-४ हा रशियन कॅमेरा आणि त्यावरील ज्युपिटर-८ हे भिंग नातीने वापरावयास घेतले होते. आजींनी नव्वदी ओलांडलेली, त्या घराबाहेर पडत नाहीत. खिडकीशी बसलेल्या आजींचे चित्र आजोबांच्याच कॅमेऱ्याने काढावे, ही नातीची इच्छा. हल्लीच्या फिल्मच्या किमतीत दोन रोल गेले, परंतु आजींचे डोळे काही स्पष्ट येईनात. भिंग आधी कोणा दुरुस्तीवाल्याकडून साफ करवून घेतले होते. त्याच्याकडेच पुन्हा गेल्यावर त्याने अंतरमापकाचा स्क्रू फिरवून दिला. परिणाम असा, की जवळचे काहीसे जुळू लागले आणि दूरच्या वस्तूंच्या दोन-दोन प्रतिमा दिसू लागल्या. घरात कॅमेरा विकून टाकण्याची भाषा सुरू झाली, तेव्हा तो आमच्याकडे आला.

अशा वेळी अंतरमापकाकडे तूर्त दुर्लक्ष करून भिंगाची साक्ष स्वतंत्रपणे काढावी. कॅमेरा रिकामा करून मागील पाठ काढावी. फिल्म ज्या आतल्या दोन पट्ट्यांवर टेकते, त्यांवरच घासलेल्या काचेचा एक तुकडा, खरखरीत बाजू भिंगाकडे करून, सपाट बसवावा. बाहेरच्या पट्ट्यांवर ठेवल्यास सारे मोजमाप चुकते. काच न मिळाल्यास त्या पट्ट्यांवर दुधी चिकटपट्टी ताणून लावली तरी चालते. शटर ‘बी’वर उघडे धरावे, छिद्र पूर्ण मोकळे करावे, कडी अनंताच्या खुणेवर टेकवावी आणि दूरच्या एखाद्या वस्तूची प्रतिमा बहिर्गोल भिंगाने तपासावी. आम्ही गच्चीवरून दिसणारा लक्ष्मीविलास राजवाड्याचा मनोरा निवडला. रात्री चंद्र सर्वांत सोयीचा. सूर्याकडे मात्र असा कॅमेरा चुकूनही रोखू नये. कापडी शटरला क्षणात भोक पडते.

मनोरा धूसर होता. कडी अनंताची खूण सोडून जरा जवळच्या अंतराकडे फिरविताच तो स्वच्छ झाला. म्हणजे भिंग फिल्मच्या अधिक जवळ बसले होते, आणि बिचारा अंतरमापक मुळात निर्दोष होता. ज्युपिटर-८ मध्ये काचांचा गट आणि बाहेरची बैठक यांच्यामध्ये कागदासारखे पातळ धातूचे कडे असते. साफसफाई करताना ते पुन्हा बसविण्याचे राहून गेले होते. शेजारच्या घड्याळजींनी पितळी पत्र्याचे तसे कडे कापून दिले. दोन जाडींचे करून पाहिले, त्यांतले एक जुळले. मग अंतरमापकाचा स्क्रू, मनोऱ्याच्या दोन्ही प्रतिमा एक होईपर्यंत, उलट फिरविला. पुढच्या रोलमध्ये आजींचे डोळे, चष्म्याच्या काचेमागचेसुद्धा, लख्ख आले. विक्रीचा विषय निघेनासा झाला.

सर्वच प्रकरणे अशी सरळ नसतात. भिंग निर्दोष ठरले तर अंतरमापकाला हात घालावा, आणि तेथे क्रम पाळावा. दोन प्रतिमा वरखाली दिसत असतील तर प्रथम तो दोष काढावा. नंतर अनंत, नंतर १ मीटर, आणि पुन्हा अनंत. कारण जवळचे जुळविताना दूरचे थोडे हलतेच. लायकाच्या एम जातीत तरफेच्या टोकाशी लहान चाक असते. त्याचा आस मध्यावर नसल्यामुळे तो फिरविला की अनंत जुळते. जवळच्या अंतरासाठी तरफेची लांबी बदलण्याची वेगळी योजना आहे. झॉर्कीत चाकाऐवजी पाचरीसारखे बोट असते. ते किंचित वळविल्याने जवळचे जुळते, परंतु ते वळविण्याचा मोह शेवटपर्यंत टाळावा. जवळची तपासणी करताना वर्तमानपत्र पंचेचाळीस अंशांत तिरपे ठेवून एका ओळीवर खूण करावी व त्या ओळीवर प्रतिमा जुळवावी. काचेवर कोणती ओळ स्पष्ट दिसते त्यावरून चुकीची दिशा आणि माप दोन्ही कळतात.

ज्यांच्याकडे दोन भिंगे आहेत त्यांना आणखी सोपी कसोटी आहे. दोन्ही भिंगे एकाच दिशेने चुकत असतील तर दोष कॅमेऱ्याचा. एकच चुकत असेल तर कॅमेऱ्याचा एकही स्क्रू फिरवू नये, नाही तर चांगले भिंगही चुकू लागेल. यॅशिका इलेक्ट्रोसारख्या कॅमेऱ्यात भिंग निघतच नाही, तेथे काचेची परीक्षा हाच मार्ग.

रशियन भिंग लायकावर चढविणाऱ्यांना एक सूचना. लायकाची तरफ ५१.६ मि.मी. नाभीय अंतर गृहीत धरून आखलेली आहे, आणि ज्युपिटर-८ चे खरे अंतर सुमारे ५२.४ मि.मी. आहे. त्यामुळे अनंत जुळविले तरी १ मीटरवर फोकस थोडा मागे पडतो. हा बिघाड नव्हे, दोन देशांच्या मापांतला फरक आहे. ज्याला माणसांचीच चित्रे काढावयाची आहेत त्याने किंचित जाड कडे घालून जवळचे साधावे आणि दूरचे दृश्य घेताना छिद्र लहान करावे. दोन्ही टोके एकाच वेळी साधण्याच्या हट्टापायी आटे झिजलेली भिंगे आम्ही पाहिली आहेत. सारे जुळल्यावर स्क्रूच्या डोक्यावर नखरंगाचा एक थेंब सोडावा, म्हणजे प्रवासाच्या हादऱ्यांनी तो ढिला होत नाही.