कापराचा धूर काळा का?

आरतीचा कापूर जळून गेला की तबकात राख उरत नाही, कारण राख होते ती खनिजांची आणि शुद्ध कापरात खनिजं नसतात. काळा धूर मात्र भरपूर निघतो. उलट स्पिरिटचा दिवा निळसर जळतो, वर धरलेलं भांडंही स्वच्छ राहतं. दोन्ही सेंद्रियच, पुरते जळले तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी, बस्स.

गोम ऑक्सिजनमध्ये आहे. स्पिरिटमधल्या इथेनॉलच्या 2 रेणूंना ऑक्सिजनचे 6 रेणू पुरतात, कापराच्या 2 रेणूंना 27 लागतात! एवढा ऑक्सिजन ज्योतीच्या पोटात वेळेवर पोचत नाही. तिथे उष्णतेने रेणू मोडतात, कार्बनचे बारीक कण जमतात आणि तापून पिवळे चमकतात. ज्योतीचा सोनेरी उजेड म्हणजे तापलेली काजळीच. न जळता निसटलेले कण म्हणजे धूर. दिव्यावर भांडं उपडं धरून घरोघरी काजळ पाडत, तेही हेच कण.

गॅसची ज्योत पिवळी पडून पातेल्याचं बूड काळं होऊ लागलं, तर सिलिंडरला दोष देण्याआधी बर्नर साफ करून पाहा. अपुऱ्या हवेत विषारी कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो, आणि त्याला वास नसतो.