उष्ण हवेचा वरचा मार्ग

वैशाखाच्या दुपारी तंजावूरच्या राजवाड्यात शिरणाऱ्या पर्यटकास रस्त्यावरील उन्हाच्या मानाने आत बराच दिलासा मिळतो. त्याचे श्रेय जाड भिंतींना दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण उंच छते व मोकळे चौक यांचा वाटा सहसा लक्षात येत नाही. नायक राजांनी आरंभिलेली ही वास्तू पुढे १८५५ पर्यंत भोसले घराण्याकडे होती. विजेचे पंखे नसलेल्या त्या काळी हवा खेळविण्याचे काम बरेचसे उष्णतेवरच सोपविलेले असे.

हवा तापली की प्रसरण पावते व हलकी होते. ३० अंश सेल्सिअसची एक घनमीटर हवा सुमारे १,१६५ ग्रॅम भरते, तर ४० अंशांची १,१२७ ग्रॅम. या अवघ्या ३८ ग्रॅमच्या फरकाने उष्ण हवा वर सरकते व तिची जागा घेण्यास खालून थंड हवा येते. उष्णतेच्या या प्रवासास अभिसरण म्हणतात. चुलीवरच्या पातळ सांबारात हेच घडते. (सांबाराचा जन्म तंजावूरच्या मराठी दरबारात झाला, अशी आख्यायिका आहे!) पिठले मात्र दाट, त्यात प्रवाह मंदावतो, म्हणून ते सतत ढवळले नाही तर खाली लागते.

उंच दालनात तापलेली हवा माणसांच्या डोक्यावर राहते व वरच्या झरोक्यांतून निघून जाते. रात्री उघड्या आकाशाखाली चौकाची फरशी निवते आणि जड झालेली गार हवा तेथे साचून लगतच्या दालनांत पसरते. यासाठी खालची वाट व वरची वाट, दोन्ही मोकळ्या हव्यात. आधुनिक सदनिकेत वरचा झरोका पुठ्ठ्याने बुजविला जातो आणि मग खोली कोंदटते म्हणून तक्रार होते. छताचा पंखा हवा थंड करीत नाही; तो ती केवळ फिरवितो व घाम सुकवितो. भर दुपारी बाहेरची हवाच अधिक तप्त असते, तेव्हा खिडक्या लावून घेणे व सायंकाळी उघडणे हितावह.

याच परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी वाढविलेला ताडपत्रांचा व हस्तलिखितांचा संग्रह आहे. दमट, अचल हवा अशा संग्रहाची शत्रू, कारण तीत बुरशी धरते. बँकेच्या जुन्या खातेवह्यांचेही तसेच आहे. कपाट भिंतीपासून चार बोटे दूर ठेवले, तर त्यामागूनही हवा वर चढू शकते.