मेंढा गावचा कारभार

गडचिरोली जिल्हा आपल्या सोलापुरापासून फार लांब, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला. तिथल्या जंगलात मेंढा नावाचं लहान गाव आहे. गावात गोंड आदिवासी राहतात.

जंगल दाराशी, पण त्यातला बांबू विकायचा हक्क गावाला नव्हता. बांबू कागदाच्या गिरणीला जाई. गावाला मिळे ती नुसती मजुरी.

मग गावानं एक रीत पाडली. प्रत्येक गोष्ट ग्रामसभेत मांडायची. बाया आणि पुरुष, सगळ्यांनी बसायचं. सर्वांचं एकमत झालं, तरच ठराव. वृक्षमित्र संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल सोबतीला होते. ते कायदा समजावून सांगत. निर्णय मात्र गावाचा.

२००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा हक्क लागला. २०११ साली ग्रामसभा स्वतः बांबू विकू लागली.

त्याच जिल्ह्यात डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांची ‘सर्च’ संस्था आहे. तिकडे पुष्कळ बाळं महिन्याच्या आत दगावत. दवाखाना दूर. संस्थेनं गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन कसं करावं, ऊब कशी द्यावी, आजार कसा ओळखावा, औषध कोणतं द्यावं. १९९५ नंतर तीन वर्षांत त्या गावांतले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

ग्रामसभा तुमच्याही गावात आहे. तिची नोटीस लागते. आता तुम्हाला वाचता येतं. नोटीस वाचा, आणि सभेला जा.