चार भुतं आणि एक हातचा

लाल भूत मागे लागलंय. तुम्ही म्हणजे तो पिवळा गोल गोळा, तोंडाची उघडझाप करत, ठिपके गिळत सुसाट पळताय. उजवीकडे वळलात, लालही वळलं. डावीकडे वळलात, लाल आहेच. शेवटी एक लांब बोळ सापडला, सुटलो बुवा म्हणत तुम्ही कोपऱ्यावर वळलात आणि समोर गुलाबी भूत! खेळ खलास.

आता मला सांगा, तुम्ही त्या कोपऱ्यावर येणार हे गुलाबीला कुणी सांगितलं? लालने फोन केला?

पॅकमॅन खेळलेल्या प्रत्येकाला कधी ना कधी वाटतंच, की या चार भुतांची आपसांत मिलीभगत आहे. मलाही वाटायचं. खरं म्हणजे ती एकमेकांशी अक्षरही बोलत नाहीत. बोलणार तरी कशी? हा खेळ १९८० सालचा. ज्या यंत्रात तो चालायचा त्याचा मेंदू सेकंदाला जेमतेम तीस लाख टिकटिक करायचा. तुमच्या आईच्या फोनचा मेंदू याच्या कित्येक शेकडो पट वेगवान असतो. एवढ्याशा मेंदूत चार भुतांचं कटकारस्थान कुठून मावणार? मग त्यांच्या डोक्यात असतं काय? प्रत्येकाच्या डोक्यात एक नियम. बस्स, एक.

पण भुतांच्या आधी घोड्यांची गोष्ट सांगते, कारण भुतं घोड्यांच्या घरातच जन्मली.

जपानमध्ये मोठमोठ्या दुकानांच्या गच्चीवर मुलांसाठी छोटी बाग असायची. आईबाबा खाली खरेदी करणार, मुलं वर खेळणार. १९५५ साली मासाया नाकामुरा नावाच्या माणसाने योकोहामा शहरातल्या अशाच एका गच्चीवर दोन यांत्रिक घोडे ठेवले. डुगडुगणारे, नाणं टाकून बसायचे. हा माणूस शिकला होता जहाजं बांधायला, आणि धंदा काढला घोड्यांचा! पण दोन घोड्यांची ती कंपनी वाढत गेली, आणि १९७७मध्ये तिचं नाव झालं नामको. ‘नाकामुरा’तला ‘ना’ त्यात अजून बसलेला आहे.

त्याच साली तिथे तोरू इवातानी नावाचा तरुण नोकरीला लागला. त्याचा जन्मही १९५५चा, म्हणजे तो आणि कंपनी एकाच वयाचे. तेव्हाच्या खेळांच्या दुकानांत जिकडेतिकडे धडाधड गोळीबार. परग्रहवासी आले, मारा. इवातानींना वाटलं, मुलींनाही आवडेल असा काही खेळ का नसावा? त्यांनी विचार केला खाण्याचा. एक तुकडा उचललेला पिझ्झा बघून त्यांना ते तोंड सुचलं, असं ते सांगतात. आपण बकाबका खातो ना, तसं जपानी मूल ‘पाकुपाकु’ खातं. त्यावरून नाव पडलं पकमॅन. अमेरिकेत नेताना त्याचं पॅकमॅन केलं, कारण यंत्रावरच्या नावातलं एक अक्षर जरासं खरवडलं की शिवी तयार होत होती, आणि वात्रट पोरं काय सगळ्याच देशांत असतात.

तर, भुतांचे नियम.

भूलभुलैयाचा अख्खा पडदा चौकोनांचा बनलेला आहे. २८ आडवे, ३६ उभे. जमिनीवरच्या फरशाच समजा. प्रत्येक भुताचं कुठल्या तरी एका फरशीकडे लक्ष असतं. फाटा आला की ते बघतं, कुठल्या बाजूला पाऊल टाकलं तर ती फरशी दोरी ताणून सरळ मोजल्यावर सगळ्यात जवळ पडेल? त्या बाजूला जातं. मध्ये भिंत आहे का, वाट लांबची पडेल का, हा विचारच नाही. आल्या पावली मागे फिरायचीही परवानगी नाही. चौघांची अक्कल इतकीच. फरक एवढाच, की कोण कुठल्या फरशीकडे बघतंय.

लाल भूत बघतं तुम्ही उभे आहात त्या फरशीकडे. जपानीत त्याच्या स्वभावाचं नाव ‘ओइकाके’, म्हणजे पाठलाग करणारा. शेपटीसारखं चिकटणार.

गुलाबी बघतं तुमच्या चार फरशा पुढे. तुमचं तोंड ज्या दिशेला असेल त्या दिशेला, चार. म्हणून तर ते कोपऱ्यावर भेटतं! याचं नाव ‘माचिबुसे’, दबा धरून बसणारा. फोनबिन काही नाही, फक्त ‘अधिक चार’.

यात एक गंमत झाली आहे. तुम्ही वरच्या दिशेला जात असाल तर गुलाबी भूत चार फरशा वर बघतंच, शिवाय चार फरशा डावीकडे सरकून बघतं. का? चूक! प्रोग्रॅममध्ये आडव्याचा आणि उभ्याचा असे दोन आकडे शेजारीशेजारी ठेवून त्यांचा हिशेब एकदमच केला होता. वर जाताना उभ्याच्या आकड्यातला हातचा सांडला आणि शेजारच्या आडव्यात जाऊन पडला. परीक्षेत तुमचा हातचा चुकतो ना, तसाच. फरक इतकाच, की या चुकीचे मार्क कुणी कापले नाहीत आणि ती जगभर खेळली गेली.

नारिंगी भूत म्हणजे नमुना आहे. तुमच्यापासून आठ फरशांपेक्षा लांब असलं की लालसारखं तुमच्या मागे येतं. आठच्या आत आलं की त्याला एकदम डावीकडचा खालचा कोपरा आठवतो आणि ते तिकडे निघतं. पुन्हा लांब गेलं की पुन्हा तुम्ही आठवता. जपानी नाव ‘ओतोबोके’. मराठीत याला नेमका वाक्प्रचार आहे: वेड पांघरून पेडगावला जाणारा.

राहिलं आकाशी भूत. याचं गणित कागदावर कळत नाही. मलाही कळलं नव्हतं. मग मी आणि माझी भाची स्वयंपाकघरातल्या फरशांवर खडू आणि सुतळी घेऊन बसलो. तुम्हीही बसा. मधल्या एका फरशीवर वाटी पालथी घाला, ते तुम्ही. तोंड खिडकीकडे. वाटीच्या दोन फरशा पुढे, खिडकीच्या बाजूला, खडूने फुली मारा. आता लाल भूत म्हणून एक टोमॅटो घ्या आणि वाटीच्या मागे चार फरशांवर ठेवा. टोमॅटोपासून फुलीपर्यंत सुतळी ताणा. किती फरशा झाल्या? सहा. आता तीच सुतळी फुलीच्या पुढे तेवढीच, आणखी सहा फरशा न्या. जिथे टोक येईल, ती आकाशी भुताची फरशी. म्हणजे तुमच्या आठ फरशा पुढे! लाल मागून येतंय आणि आकाशी पार पुढे जाऊन वाट अडवतंय.

आता टोमॅटो उचला आणि वाटीच्या समोर, सहा फरशांवर ठेवा. लाल समोरून येतंय असं समजा. टोमॅटो ते फुली, चार फरशा. फुलीपासून त्याच दिशेला आणखी चार. टोक कुठे आलं? वाटीच्या मागे, दोन फरशांवर. लाल पुढून, तर आकाशी मागून! दोघांनी मिळून तुम्हाला कोंडलं. भाची ओरडलीच, “अगं मावशी, हे तर ठरवून करतायत!” नाही ना बाई, सुतळी करतेय. आकाशीला लालची जागा तेवढी ठाऊक असते, लालला आकाशीचा पत्ताही नसतो.

(त्या दिवशी कोशिंबिरीला टोमॅटो कमी पडला, ते सोडा.)

चौघं सतत मागे लागली तर माणूस वैतागून उठून जाईल, हे इवातानींच्या लक्षात आलं होतं. म्हणून भुतांना मधूनमधून सुट्टी असते. पहिल्या लेव्हलला सुरुवातीचे ७ सेकंद ती आपापल्या कोपऱ्यात हिंडतात, मग २० सेकंद पाठलाग, पुन्हा ७ सेकंद सुट्टी. पुढे सुट्ट्या आखडतात आणि चौथ्या सुट्टीनंतर बंदच. तुम्ही मोठा ठिपका खाल्लात तर चौघं घाबरून गडद निळी पडतात आणि तुम्हीच त्यांना खाऊ शकता: पहिल्याचे २००, मग ४००, ८००, १६००. पण १९व्या लेव्हलपासून पुढे ती घाबरायचीच बंद होतात.

एक गुपितही सांगून ठेवते. प्रत्येक छोटा ठिपका गिळताना पॅकमॅन सेकंदाचा साठावा भाग थांबतो. दिसत नाही, पण थांबतो. म्हणून भूत मागे असेल तर ठिपके खाऊन संपलेल्या बोळातून पळा, तिथे तुम्ही जास्त वेगात असता. आणि कडेच्या बोगद्यात घुसलात तर भुतं रेंगाळतात, तुम्ही नाही. नियम ठरलेले असल्यामुळे आणखी एक होतं. तुम्ही अगदी तशाच चाली केल्यात तर भुतंही अगदी तशीच चालतात, दर वेळी. काही पठ्ठ्यांनी तर पाढ्यासारखे मार्ग पाठ केले होते.

नामकोने पुढे काय काय केलं म्हणता? खूप. १९८२मध्ये ‘पोल पोझिशन’ ही मोटारशर्यत काढली, तीही जपानच्या खऱ्याखुऱ्या फुजी शर्यतमार्गावरची. १९९४मध्ये ‘टेकेन’ ही मारामारी. त्याच वर्षी ‘रिज रेसर’ ही शर्यत घरच्या प्लेस्टेशनवर आणली आणि तिच्यात एक छान युक्ती केली. खेळ सीडीवरून उतरून सुरू व्हायला वेळ लागायचा. तेवढ्यात तुम्ही कंटाळू नये म्हणून त्यांनी आपलाच १९७९चा जुना ‘गॅलॅक्सियन’ खेळायला दिला. सगळे परग्रहवासी टिपलेत तर शर्यतीला जास्तीच्या गाड्या बक्षीस! २००१मध्ये तर त्यांनी पडद्यासमोर ढोलच आणून ठेवला, ‘ताइको’. लाल गोल आला की मधोमध टिपरू हाणायचं, निळा आला की काठावर.

माझा लाडका मात्र ‘कातामारी’. तो २००४मध्ये केइता ताकाहाशी या शिल्पकला शिकलेल्या माणसाने केला. तुमच्याकडे एक चिकट गोळा. तो ढकलत न्यायचा. त्याच्यापेक्षा लहान वस्तू त्याला चिकटते, मोठी असेल तर आपटून तुमच्याच वस्तू गळतात. सुरुवातीला टाचण्या, खोडरबर. गोळा फुगला की मांजर, मग सायकल, गाय, माणसं, घरं. मघाशी ज्या मांजराने लाथाडलं, तेच आता पाय झाडत चिकटतं तेव्हा फार बरं वाटतं. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या प्रसिद्ध संग्रहालयाने २०१२मध्ये चौदा व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले, त्यात पॅकमॅनही आहे आणि हा गोळाही.

पण मला परत पॅकमॅनकडे जायचंय, कारण शेवटच्या लेव्हलची गोष्ट राहिली. शेवट मुळी ठेवलेलाच नव्हता! खेळ चालूच राहावा असा बेत होता. २५६व्या लेव्हलपर्यंत कुणी पोचेल असं वाटलं नसावं. पण लोक पोचले.

त्या यंत्रात लेव्हलचा आकडा आठ दिव्यांत साठवलेला असतो. दिवा चालू किंवा बंद. आठ दिव्यांच्या मिळून २५६ तऱ्हा होतात, ० ते २५५. यंत्र शून्यापासून मोजतं, म्हणून आपली २५६वी लेव्हल म्हणजे त्याची २५५. आठही दिवे चालू. आता पडद्याच्या खाली उजवीकडे फळांची चित्रं असतात, चेरी, स्ट्रॉबेरी वगैरे. किती फळं काढायची हे ठरवायला यंत्र लेव्हलच्या आकड्यात १ मिळवतं. २५५ अधिक १. आठही दिवे विझले आणि हातचा आला एक. पण नववा दिवाच नाही, हातचा ठेवणार कुठे? तो गेला वाऱ्यावर. उत्तर शून्य. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९नंतर ०००००, तसं.

शून्य फळं, म्हणजे काही काढायचं नाही, असंच ना? पण यंत्राला शिकवलंय: आधी एक फळ काढ, मग आकड्यातून एक वजा कर, मग शून्य झालं का बघ. शून्यातून एक गेला, उलटं फिरून २५५. शून्य झालं? नाही. काढ आणखी एक. असं करत बिचारं २५६ फळं काढत सुटतं! तेवढी फळं त्याच्या यादीत आहेतच कुठे? मग यादीच्या पुढे स्मरणात जे काही पडलेलं असेल, आकडे, अक्षरं, चित्रांचे तुकडे, तेच फळ समजून पडद्यावर थापत जातं. उजवा अर्धा पडदा त्या कचऱ्याने भरून जातो. लेव्हल संपवायला २४४ ठिपके खायचे असतात, आणि उजवीकडचे बहुतेक या कचऱ्याखाली गडप झालेले. डावा अर्धा मात्र तसाच, स्वच्छ.

आणि भुतं? त्यांना यातलं काही कळत नाही. लाल तुमच्या फरशीकडे येतंय. गुलाबी चार फरशा पुढे बघतंय. आकाशी आपली सुतळी ताणतंय. अक्षरांच्या आणि आकड्यांच्या त्या ढिगाऱ्यातून नारिंगी भूत तुमच्या आठ फरशांवर येतं, आणि गुपचूप कोपऱ्याकडे वळतं.