जुना टेम्पो घेताना : डिझेल की सीएनजी?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

मध्यंतरी माझा भाचा घरी आला. त्याची नोकरी सुटली होती. म्हणाला, "मामा, जुना टेम्पो घ्यायचं ठरवलंय. मार्केट यार्डातून भाजी उचलायची आणि कोथरूड, बाणेरच्या दुकानांना पोचवायची. हिनं बांगड्या गहाण ठेवायला दिल्यात. सगळे म्हणतात सीएनजीचाच घे. घेऊ ना?"

माझी तीस वर्षं गॅरेजात गेली. हा प्रश्न मला नवा नव्हता. मी त्याला उलट विचारलं, "रोज किती किलोमीटर फिरणार? माल किती भरणार? घाट चढणार का?" त्याला सांगता येईना. म्हटलं, "मग आठ दिवस ओळखीच्या टेम्पोवाल्याबरोबर फीर आणि सगळं वहीत लिहून आण. गाडी नंतर बघू."

टेम्पो हा शब्द आपल्याकडे रुळला तो आकुर्डीच्या बजाज टेम्पो कंपनीमुळे. 2005 साली त्या कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं आणि त्याच वर्षी टाटांची एस, म्हणजे आपला 'छोटा हत्ती', बाजारात आला. तेव्हा त्याला दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. मालाची गाडी म्हणजे डिझेल, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. पुढं महाराष्ट्र नॅचरल गॅस कंपनीचे पंप शहरात वाढले आणि सीएनजीचे टेम्पो दिसू लागले.

दोन्हींत मूळ फरक काय? डिझेल इंजिनात हवा इतकी दाबली जाते की ती तापते आणि त्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेट घेतं. तिथं प्लग लागत नाही. दाब जास्त म्हणून इंजिन दणकट करावं लागतं आणि कमी फेऱ्यांवरही ते ओढ देतं. सीएनजीचं इंजिन मात्र पेट्रोलच्या जातीचं, ठिणगीवर चालणारं. शिवाय आत जाणारा वायू हवेची थोडी जागा खातो, त्यामुळं ताकद जराशी कमी पडते. सपाट रस्त्यावर हे कळत नाही. भरल्या गाडीनं दिवे घाट चढताना लगेच कळतं. उलट सीएनजीच्या धुरात काजळी जवळजवळ नसते. आधीच धुरानं भरलेल्या शहरात ही गोष्ट लहान नाही.

आता पैशांचं बघू. पंपावरच्या दोन पाट्या वाचून लोक हिशेब करतात आणि तिथंच फसतात. डिझेल लिटरवर मिळतं, सीएनजी किलोवर. एक किलो सीएनजीत एक लिटर डिझेलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा जास्त असते, पण ठिणगीचं इंजिन त्यातली अधिक वाया घालवतं. म्हणून दराची तुलना करू नये, दर किलोमीटरला किती रुपये पडतात ते काढावं. दरही स्थिर नसतात. 1 एप्रिल 2022 पासून राज्य सरकारनं सीएनजीवरचा कर साडेतेरा टक्क्यांवरून तीन टक्क्यांवर आणला, भाव उतरला आणि काही महिन्यांतच पुन्हा वर गेला. आजच्या फरकावर पाच वर्षांचा हिशेब बांधू नये.

समजा, सीएनजीवर किलोमीटरमागे एक रुपया वाचतो आणि ती गाडी साठ हजारांनी महाग आहे. वर्षाला तीनशे दिवस, रोज शंभर किलोमीटर फिरलात तर तीस हजार वाचतील आणि जादा पैसे दोन वर्षांत निघतील. रोज चाळीसच किलोमीटर असतील तर पाच वर्षं लागतील. त्यात पंपावरची रांग धरा. रोज अर्धा तास म्हणजे वर्षाला दीडशे तास. पंप वाटेवर असेल आणि रात्री गॅस भरता येत असेल तर गोष्ट वेगळी.

भाच्याची वही आली. रोज पंचावन्न किलोमीटर, माल अर्ध्या टनाच्या आत, आणि आठवड्यातून एकदा अंजीर, सीताफळं आणायला सासवड. हिशेबानं सीएनजीचे जादा पैसे निघायला साडेतीन वर्षं लागत होती. म्हणजे पारडं दोन्हीकडं सारखंच. मग निवाडा गाडीच्या तब्येतीवर.

सीएनजीची गाडी दिसायला झकास होती. मी आरसी बुक मागितलं. त्यावर इंधन नुसतं पेट्रोल! किट बाहेरून बसवलेलं आणि आरटीओत नोंदच नाही. अशा गाडीचं पासिंग अडतं, अपघात झाला तर विम्याचे पैसेही अडू शकतात. सिलिंडरमध्ये गॅस दोनशे बारच्या दाबानं असतो, म्हणून दर तीन वर्षांनी त्याची चाचणी सक्तीची आहे. इथं तीही चुकलेली. ही गाडी आम्ही तिथंच सोडली.

डिझेलच्या गाडीवाल्याला मी आधीच बजावलं होतं, "आम्ही येईपर्यंत इंजिन चालू करू नका." यामागं माझी स्वतःची ठेच आहे. तरुणपणी मीही एक जुना डिझेल टेम्पो घेतला होता. विकणाऱ्यानं इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं, एका हाकेत सुरू झालं. दुसऱ्या दिवशी पुण्याच्या थंडीत अर्धा तास धक्का मारावा लागला. रिंगा संपल्या होत्या. इंजिन खोलण्यात वर्षाची कमाई गेली.

म्हणून बॉनेटला हात लावून पाहावा, थंडच असायला हवं. सुरू केल्यावर धूर बघावा. निळा असेल तर ऑइल जळतंय. काळा राहिला तर डिझेल नीट जळत नाही. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबला नाही तर इंजिनात पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. ऑइल भरायचं झाकण उघडावं. तिथून जोरानं वाफारे आले तर रिंगा गेल्याच समजा. 2020 नंतरची बीएस-6 डिझेल गाडी असेल तर आणखी एक लक्षात ठेवा. बहुतेकांना काजळी पकडणारी चाळणी असते. नुसत्या जवळच्या फेऱ्यांत ती पुरेशी तापत नाही आणि तुंबते.

भाच्यानं ती डिझेलची गाडी घेतली. ज्याला रोज शंभर किलोमीटर सपाटीवर फिरायचंय आणि कंपनीतूनच सीएनजी बसवलेली, कागदानं चोख गाडी मिळतेय, त्याला मी उलट सल्ला देईन.

बांगड्या अजून सुटायच्या आहेत. पण हप्ता एकही चुकलेला नाही, आणि वही तो अजून लिहितोय.