काट्यावरचे वजन आणि रसातले रेणू



उसाची गाडी काट्यावर गेली की आपण वजन बघतो. पण रासायनिक क्रिया कणांची संख्या धरून चालते. रेणू तर डोळ्यांना दिसत नाही, मग मोजायचा कसा? ही युक्ती शेतकऱ्याला नवी नाही.

गडचिरोली-चंद्रपूरकडे धान पिकतो. तिथे दाणे कोणी एकेक मोजत बसत नाही. हजार दाणे 25 ग्रॅम भरले, तर किलोत 40 हजार दाणे झाले. रसायनशास्त्रात हजाराच्या जागी फार मोठा गठ्ठा धरतात, त्याला 'मोल' म्हणतात. एका मोलात 6.022 × 10²³ कण, म्हणजे 6022 वर वीस शून्ये. अणुभारांची बेरीज करून ती ग्रॅममध्ये घेतली, की एका मोलाचे वजन मिळते.

त्याच गडचिरोली जिल्ह्यात, एटापल्ली तालुक्यात, सुरजागडचे लोहखनिज आहे. त्यातल्या हेमेटाइटच्या एका घटकात लोहाचे 2 अणू (56 × 2 = 112) आणि ऑक्सिजनचे 3 अणू (16 × 3 = 48). बेरीज 160. म्हणजे 160 ग्रॅम शुद्ध हेमेटाइटात 112 ग्रॅम, शेकडा 70 लोह. माती-दगड मिसळला की प्रमाण उतरते. म्हणून खनिजाचा भाव नुसत्या टनावर ठरत नाही, लोह किती हेही बघतात. आपल्या उसाचे तेच आहे. टनेज किती हे काटा सांगतो, पण एफआरपी साखर उताऱ्याशी बांधलेली असते.

आता साखरेकडे वळू. साखरेच्या रेणूत कार्बन 12, हायड्रोजन 22, ऑक्सिजन 11. भार 144 + 22 + 176 = 342. म्हणजे 342 ग्रॅम साखर हा एक मोल. एक किलोत 1000 ÷ 342 = 2.92 मोल, म्हणजे सुमारे 1.76 × 10²⁴ रेणू.

ऊस तोडून पडून राहिला की साखरेचा एक रेणू पाण्याचा एक रेणू (भार 18) घेऊन फुटतो. त्याचा एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज होतो, प्रत्येकी 180. बघा, 342 + 18 = 360. एक क्विंटल साखर अशी फुटली, तर सव्वापाच किलो पाणी आत जाऊन 105 किलोंहून जास्त गोड माल तयार होतो! रस गोडच लागतो, पण त्या मालाची दाणेदार साखर पडत नाही, तो मळीत जातो. पडून राहिल्याने ऊस वाळून काट्यावर वजन घटते, ते डोळ्यांना दिसते. रेणू फुटले, ते दिसत नाही. तो तोटा उताऱ्यात निघतो, आणि उतारा सगळ्यांचा मिळून धरला जातो. एकाचा शिळा ऊस सर्वांच्या दरात कसर लावतो.

तेव्हा तोडचिठ्ठी आल्याशिवाय कोयता लावू नये, टोळीने तोडलेला ऊस बांधावर ठेवू नये, आणि शक्यतो 24 तासांच्या आत तो गव्हाणीत पडेल असे बघावे. जळीत उसाला तर अधिकच घाई करावी, कारण तो लवकर बिघडतो. काट्याची पावती आपण जपून ठेवतोच. तोडीची वेळही तिच्याशेजारी लिहून ठेवावी.