हुपर्ट्‌सचं बाड

मी मालिकांना पार्श्वसंगीत देते. रात्री अकरा वाजता फोन येतो, “मॅडम, दीड मिनिट उडवलंय, म्युझिक तेवढं जुळवून घ्या.” एकदा सासूच्या मरणाचा प्रसंग असाच निम्मा कापला गेला. त्याच्यासाठी वाजवून घेतलेली सारंगी पुढच्या हळदीकुंकवावर ऐकू आली आणि बोलणी मला बसली. आमच्या धंद्याची रीतच अशी, की चित्र पुढे आणि संगीत त्याचा पदर धरून मागे.

गॉटफ्रीड हुपर्ट्‌स या जर्मन संगीतकाराच्या बाबतीत ही रीत एकदा उलटी झाली. पण ते बघायला तो जिवंत नव्हता.

जन्म १८८७ चा, कोलोनचा. संगीत शिकला तरी बरीच वर्षं पोट चाललं ते रंगभूमीवरच्या गाण्यावर आणि अभिनयावर. रुडॉल्फ क्लाइन-रोग्गे हा नट त्याचा जुना दोस्त. त्याच्यामुळे बर्लिनमध्ये दिग्दर्शक फ्रिट्झ लांग आणि पटकथा लिहिणारी थेआ फॉन हार्बू यांच्याशी ओळख झाली. या थेआबाईंचं प्रकरण मोठं मजेशीर. पहिला नवरा हा क्लाइन-रोग्गे, दुसरा लांग आणि तिसरा, तोही गुपचूप केलेला, बेळगावकडचे पत्रकार ए. जी. तेंडुलकर. बायको लांगकडे गेल्यावरही क्लाइन-रोग्गे लांगच्या चित्रपटांत कामं करत राहिला. ‘मेट्रोपोलिस’मधला माथेफिरू शास्त्रज्ञ तोच.

लांगचा दोन भागांचा ‘निबेलुंगेन’ १९२४ मध्ये आला. त्याचं संगीत हुपर्ट्‌सचं. मूकपटाला कसलं संगीत, असं कुणाला वाटेल. पण मूकपट मुके असले तरी थिएटर कधी मुकं नसायचं. लहान थिएटरात एखादा पियानोवाला हाताला येईल ते वाजवायचा, मोठ्या थिएटरात वादकांचा ताफा असायचा. तिथेही बहुधा इकडचे-तिकडचे तयार तुकडे जोडून भागवत. सबंध चित्रपटासाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत नवीन संगीत लिहून घेणं हा खर्चिक शौक होता.

लांगच्याच ‘मेट्रोपोलिस’ या मूकपटासाठी हुपर्ट्‌स चित्रीकरण चालू असतानाच लिहीत होता आणि सेटवर पियानोही वाजवत होता. आम्हाला तयार एपिसोड हातात मिळतो. याला शूटिंगच्या जागीच बसायला मिळालं! सुरुवातीला कामगारांची पाळी बदलते. माना खाली घातलेल्या दोन रांगा, येणारी एका चालीत, जाणारी त्याहून थकलेल्या चालीत. ती पावलं पाहिली की मला वाटतं, ही माणसं पियानो ऐकत चालत असणार. संगीत भरघोस आहे, वाग्नर आणि रिखार्ड श्ट्राउस यांच्या वळणाचं. पात्रांना आपापल्या सुरावटी आहेत. कामगार उठतात तेव्हा ‘मार्सेएझ’ हे फ्रेंच क्रांतीचं गाणं डोकावतं आणि मृत्यूच्या प्रसंगी चर्चमधली ‘डिएस ईरे’ ही जुनी धून येते. थोडं जास्तच होतं कधी कधी. मी असते तर दोन ठिकाणी गप्प बसले असते.

१० जानेवारी १९२७ ला बर्लिनच्या उफा-पालास्ट या थिएटरात, वादकांच्या मोठ्या ताफ्यासह, चित्रपट पहिल्यांदा दाखवला गेला. लांबी ४१८९ मीटर, म्हणजे साधारण अडीच तास. पैसा पाण्यासारखा ओतलेला, पण चित्रपट चालला नाही. अमेरिकेत पॅरामाउंटने तो कापून कथाच बदलली. मग जर्मनीतही चित्रपट काढणाऱ्या उफा कंपनीने मूळ प्रत मागे घेऊन आखूड प्रत लावली. जवळजवळ पाव चित्रपट गेला. आता त्या संगीताचं काय करायचं? जिथे प्रसंगच नाही तिथे वाजवणार कशावर? पुढे बोलपटांचं युग आलं. हुपर्ट्‌स १९३७ च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये वारला, पन्नाशीही न गाठता.

मागे राहिलं ते त्याचं बाड. त्यातल्या पियानोच्या प्रतीत स्वरांच्या ओळींवर जागोजाग टिपणं आहेत: इथे पडद्यावर कोण येतं, काय घडतं, मजकुराची कोणती पाटी दिसते. अशी हजाराहून जास्त टिपणं. एनो पाटालास या म्युनिकच्या अभ्यासकाने १९८० च्या दशकात चित्रपट पुन्हा जुळवायला घेतला तेव्हा त्याच्यापुढे सेन्सॉरकडची, पाट्यांचा मजकूर असलेली कार्डं होती आणि हे बाड. कुठला तुकडा कुठल्या तुकड्यानंतर, मधला प्रसंग किती लांबीचा, हे मोजता आलं ते सुरांवरून.

२००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली. १६ मिलिमीटरची, चरे पडलेली, पण हरवलेली सुमारे २५ मिनिटं तिच्यात होती. ती बसवतानाही बाड उघडावं लागलं. १२ फेब्रुवारी २०१० ला बर्लिनमध्ये वाद्यवृंद-संचालक फ्रांक श्ट्रोबेलने रेडिओच्या सिंफनी ऑर्केस्ट्राकडून ते संगीत वाजवून घेतलं आणि चित्र त्याच्याबरोबर चाललं.

मी आधी पाहिला होता तो संगीतकार जॉर्जो मोरोडरचा १९८४ चा अवतार, रॉकची गाणी घातलेला, रंग चढवलेला, दीड तासाच्याही आतला. तेव्हा फार आवडला होता, खोटं कशाला बोलू? तोही जरूर पाहा, पण नंतर. आधी २०१० ची प्रत बघा, कानाला बरे हेडफोन लावून. दोन प्रसंग अजूनही सापडलेले नाहीत. तिथे चित्राच्या जागी पाटी येते.